लांगा, पेंग्विन आणि केप पॉइंट: केप टाउनचा एक दिवस गटाने कसा आखावा

केप टाउनमध्ये एकाच दिवसात टाउनशिप, प्राणी आणि निसर्ग असं सगळं बघायचं असेल, तर माझा एकच आग्रह असतो: टाउनशिप सकाळी, सगळ्यात आधी, आणि पायी. बहुतेक गटांच्या कार्यक्रमात ती शेवटी टाकलेली असते, वेळ उरला तर जाऊ अशा बेतानं. मग दिवसभर फिरून दमलेली मंडळी बसच्या काचेतून पत्र्याची घरं बघतात, चार फोटो काढतात आणि हॉटेल गाठतात. हा क्रम उलटा केला की दिवसच वेगळा होतो. दुपारी आपण जो देखणा किनारा आणि जे टुमदार गाव बघणार असतो, तिथे कोणाला राहायची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हे सकाळी चालता चालता कळलेलं असतं.

टाउनशिप म्हणजे गोऱ्यांच्या राजवटीत गोरे नसलेल्या लोकांसाठी शहराबाहेर आखून दिलेली वस्ती. केप टाउनमधल्या आज उभ्या असलेल्या टाउनशिपांत लांगा सर्वांत जुनी, १९२७ सालची. शहराच्या मध्यापासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे, सपाट आहे आणि दोन तासांत नीट चालून होते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी लांगाच सुचवतो. खायेलित्शा ही दुसरी टाउनशिप फार मोठी आणि लांब; एका दिवसाच्या बेतात ती बसत नाही.

महिना आणि उजेड

आपल्याकडचे गट दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत निघतात. दिवाळीत तिथे वसंत असतो: फुलं असतात, दिवस मोठा असतो आणि नोव्हेंबरपर्यंत जवळच्या फॉल्स बे या उपसागरात देवमासे दिसण्याची शक्यता असते. मेमध्ये हिवाळा सुरू होतो. पावसाचे दिवस तेच, आणि सूर्य सहाच्या आत मावळतो. त्यामुळे मेमध्ये जात असाल तर सकाळी आठला गाडी हलायलाच हवी आणि परतीच्या वाटेवरचे थांबे कमी करायला हवेत. डिसेंबर-जानेवारीत उजेड रात्री आठपर्यंत टिकतो, पण तिथल्या शाळांना सुट्ट्या असल्यामुळे गर्दी खूप होते आणि आग्नेयेचा वारा जोरात सुटतो. या वाऱ्याला तिथे ‘केप डॉक्टर’ म्हणतात, शहरातली घाण हवा तो उडवून लावतो म्हणून. टोपीला दोरी नसेल तर टोपी गेलीच समजा.

गाइड कसा निवडायचा

लांगात आपले आपण फिरू नका. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे, आणि तितकाच आदरासाठीही: आपण कोणाच्या तरी दारावरून जात असतो. गाइड लांगातच राहणारा असावा. ट्रॅव्हल कंपनीचा गाइड शहरातला असेल, तर लांगापुरता तिथला माणूस वेगळा घ्यायला सांगा. दक्षिण आफ्रिकेत टूर गाइडला सरकारी नोंदणी लागते आणि ओळखपत्र व बिल्ला जवळ बाळगावा लागतो. तो दाखवायला सांगण्यात काहीच गैर नाही, चांगला गाइड स्वतःहून दाखवतो.

तुम्ही वीस-पंचवीस जण असाल तर एका गाइडमागे आठ-दहाच माणसं असू द्या. पंचवीस जणांचा घोळका गल्लीत शिरला की मागच्यांना काही ऐकू येत नाही. समोरून येणाऱ्या शाळकरी पोरांना आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन निघालेल्या बाईला रस्ता उरत नाही, ते आणखी वाईट. पैशांबद्दल एक प्रश्न आधीच सरळ विचारा: आम्ही देतो त्यातले लांगात किती राहतात? जो नीट उत्तर देईल, त्याच्याकडे नोंदवा.

जेवणाबद्दलही आधीच कळवा. शाकाहारी किती, जैन किती, कांदा-लसूण न खाणारे किती, हे आदल्या दिवशी सांगितलं तर सोय होते, दारात उभं राहून सांगितलं तर होत नाही.

बरोबर काय घ्यायचं

विंडचीटर, सनस्क्रीन, पाण्याची बाटली (केप टाउनचं नळाचं पाणी पिता येतं), पायात घट्ट बसणारे बूट. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड हवंच; त्याशिवाय दहा, वीस, पन्नास रँडच्या सुट्या नोटा. एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये. लांगातल्या कारागिराकडून छोटी वस्तू घेताना दोनशेची नोट पुढे केली की त्याला सुट्यासाठी शेजारी धावावं लागतं. चार्जरबद्दल सांगायचं तर आपल्या गीझरला लागते ती मोठी तीन पिनांची जाड पिन तिथल्या जुन्या सॉकेटात बसते, त्यामुळे घरातला तसा अडॅप्टर असेल तर तोच न्या.

थेपले, चिवडा, लाडू न्या, पण ते झिपच्या पिशवीत आणि बसमध्येच राहू द्या. कारण दुपारी सांगतो.

सकाळी साडेआठ: लांगाकडे

शहरातून निघताना ड्रायव्हरला फिलिप कगोसाना ड्राइव्हवरून न्यायला सांगा. टेबल माउंटनच्या कुशीतून जाणारा हा रस्ता पूर्वी डी वाल ड्राइव्ह होता. ३० मार्च १९६० रोजी लांगातून सुमारे तीस हजार माणसं, काळ्यांना परवाना म्हणजे पास जवळ बाळगायची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध शहरावर चालून गेली, आणि त्यांच्या पुढे होता तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी, फिलिप कगोसाना. नऊच दिवसांपूर्वी शार्पव्हिल या टाउनशिपमध्ये पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला होता. त्या गोळीबाराच्या दिवशीच संध्याकाळी लांगातही गोळ्या चालल्या होत्या. तरीही मोर्चा शांततेत चालला. मंत्र्यांची भेट घालून देतो असं आश्वासन पोलिसांनी दिलं, त्यावर विश्वास ठेवून कगोसानानं जमाव परत पाठवला, आणि ठरल्या वेळी भेटीला गेल्यावर त्याला अटक झाली. हे बसमध्येच सांगून टाका. मग खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे मंडळी वेगळ्या नजरेनं बघतात.

लांगात पहिला थांबा जुन्या पास ऑफिसाचा असू द्या, तिथे आता छोटं संग्रहालय आहे. प्रत्येक काळ्या माणसाला पासबुक जवळ बाळगावं लागे. कोणत्या भागात राहायचं, कोणाकडे काम करायचं, शहरात किती वेळ थांबायचं, सगळं त्यात. लोक त्याला ‘डॉमपास’, म्हणजे मूर्ख पास, म्हणत. पास जवळ नसेल तर अटक ठरलेली, आणि खटला चाले तो इथेच. हे कायदे रद्द झाले १९८६ साली. म्हणजे तुमच्या गटातल्या ज्येष्ठांच्या वयाची जी माणसं लांगाच्या रस्त्यावर भेटतील, त्यांनी तो पास खिशात बाळगलेला आहे.

लांगाच्या आधीची गोष्ट पुण्याच्या माणसाला ओळखीची वाटेल. १९०१ मध्ये केप टाउनमध्ये प्लेग आला आणि त्याचं निमित्त करून काळ्या लोकांना शहरातून उचलून न्डाबेनीच्या वस्तीत नेऊन टाकलं. पुढे न्डाबेनीतून लांगात. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरलेले गोरे सोल्जर आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतात, तोच रोग आणि तेच साम्राज्य. आणखी एक दुवा: गोपाळ कृष्ण गोखले ऑक्टोबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले, ते बोटीतून उतरले केप टाउनच्याच बंदरात. तिथल्या हिंदी लोकांवरचा तीन पौंडांचा कर आणि नोंदणीची सक्ती या प्रश्नांसाठी ते आले होते.

पुढे गाइड तुम्हाला होस्टेलकडे नेईल. कामासाठी आणलेल्या एकट्या पुरुषांसाठी या खोल्या बांधल्या होत्या. पासचे कायदे सैल झाले तशा गावाकडून बायका-मुलं आली आणि एकेका खाटेवर एकेक कुटुंब राहू लागलं. काही होस्टेलांचे आता नीट फ्लॅट झाले आहेत, काही अजून तशीच आहेत. दोन गल्ल्या ओलांडल्या की दारात चांगली गाडी, पुढे कुंडीत फुलं, रंगवलेलं फाटक असलेली घरं लागतात, आणि हमरस्त्याच्या कडेला ‘जो स्लोवो’ नावाची पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. शिक्षक, नर्स, टॅक्सीवाला आणि बेकार तरुण एकाच लांगात राहतात. सगळे गरीब असतील अशी समजूत घेऊन गेलात तर निम्मं लांगा दिसणारच नाही.

क्रिकेटवेड्यांसाठी: टेंबा बवुमाचा जन्म लांगातला. इथल्याच रस्त्यावर तो खेळायला शिकला. जानेवारी २०१६ मध्ये न्यूलँड्सवर कसोटी शतक काढणारा तो दक्षिण आफ्रिकेचा पहिला काळा आफ्रिकी फलंदाज, आणि २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपद जिंकून देणारा कर्णधार. गाइडला हे नाव सांगा, पुढची दहा मिनिटं तो आणि तुमच्यातले पुरुष थांबणार नाहीत.

आता वागण्याबद्दल. भेटल्यावर एकाला ‘मोलो’ म्हणावं, अनेकांना ‘मोल्वेनी’, आणि आभाराला ‘एन्कोसी’. ही खोसा भाषा आहे आणि इतक्यानं समोरचा चेहरा उजळतो. फोटो विचारून काढा. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. लहान मुलांचे फोटो आईवडील जवळ नसतील तर काढूच नका. धारावीत परदेशी पाहुणा आपल्या पोरांसमोर असा कॅमेरा धरतो तेव्हा आपल्याला जे वाटतं, ते आठवावं.

खाऊ वाटू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतो, कारण आपल्या मंडळींचा हात सढळ असतो आणि पिशवीत चॉकलेटं असतात. पाहुणे आले की शाळा सोडून गाडीमागे धावायची सवय मुलांना लागते, आणि तिथल्या आईबापांना ते आवडत नाही. द्यायचंच असेल तर गाइडला विचारून एखाद्या पाळणाघराला किंवा वाचनालयाला द्या. त्याहून सरळ रस्ता म्हणजे खरेदी. ‘गुगा स्थेबे’ या कलाकेंद्रात कुंभारकाम, मण्यांचं काम, वाळूची चित्रं करणारे कारागीर समोर बसलेले असतात. तिथे किमतीवरून फार घासाघीस करू नये. स्वच्छतागृहही इथेच आटपून घ्या, पुढचं तासाभराच्या अंतरावर.

खाण्यात अमाग्विन्या मागा. मैद्याच्या फुगवलेल्या पिठाचा गोळा तेलात तळलेला, बाहेरून तांबूस, आत जाळीदार. हातात घेतला की बोटांना चटका बसतो, फोडला की वाफ येते. शाकाहाऱ्यांना चालतो. उम्नकुशो म्हणजे मक्याच्या भरडलेल्या दाण्यांची आणि राजम्यासारख्या घेवड्याची मऊ शिजवलेली उसळ. पुष्कळदा नुसती असते, कधी हाडं घालून शिजवतात, म्हणून विचारून घ्या. चकालाका ही तिखट भाजी आपल्या जिभेला लगेच जुळते. रस्त्याकडेला मेंढ्याची मुंडकी भाजताना दिसतील, त्यांना तिथे ‘स्मायली’ म्हणतात. कोणाला बघवत नसेल तर पुढे चालावं, नाक मुरडू नये. शेबीन म्हणजे घरगुती गुत्ता. तिथे उमकोंबोटी ही मका-ज्वारीची आंबट बिअर एकाच भांड्यातून सगळ्यांना फिरवतात. न पिणाऱ्यानं भांडं दोन्ही हातांनी घेऊन शेजाऱ्याकडे द्यावं, कोणी वाईट वाटून घेत नाही.

अकराच्या सुमाराला: सायमन्स टाउन

लांगातून निघून म्युझेनबर्ग, कॉक बे असा समुद्राकाठचा रस्ता धरला की पाऊण तासात सायमन्स टाउन येतं. नौदलाचं देखणं गाव आहे. १९६७ मध्ये सरकारनं ते फक्त गोऱ्यांचं म्हणून जाहीर केलं. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मिश्रवंशीय कुटुंबांना ओशन व्ह्यू नावाच्या नव्या टाउनशिपमध्ये हलवलं. नावात समुद्र होता, घरातून समुद्र दिसत नव्हता. त्याआधीच काळ्या कुटुंबांना गुगुलेथू या टाउनशिपमध्ये धाडलं होतं. बंदराकाठी चालताना गटाला हे सांगा. सकाळचं लांगा आणि दुपारचे पेंग्विन यांच्यातला धागा हा आहे.

जेवण इथेच उरका, आणि पेंग्विन जेवणाआधी बघा. दुपारी बोल्डर्सला गाड्यांची रांग लागते.

बोल्डर्सच्या किनाऱ्यावर १९८२ मध्ये पेंग्विनच्या दोन जोड्या येऊन स्थिरावल्या आणि वस्ती वाढत गेली. लाकडी पुलावरून चालत जायचं, पुलाखालीच झुडपांत घरटी असतात. वाकून बघा: डोळ्यावर गुलाबी कातडीचा पट्टा दिसेल. उकाडा वाढला की तिकडे रक्त जास्त जातं आणि अंग थंड होतं, म्हणून उन्हात तो पट्टा गडद होतो. ओरडणं गाढवासारखं असतं, पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. लहान मुलं विचारतील की हे राणीच्या बागेतलेच का. तिथले हम्बोल्ट पेंग्विन आहेत, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, या आफ्रिकी पेंग्विनचे जवळचे भाऊबंद.

नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर पुष्कळ पेंग्विन विस्कटलेले, कापूस निघालेल्या उशीसारखे दिसतील. ते आजारी नाहीत, पिसं बदलत आहेत. त्या तीनेक आठवड्यांत अंगात पाणी शिरतं म्हणून त्यांना समुद्रात जाता येत नाही, म्हणजे उपासच. अशा वेळी माणसानं जवळ जाऊन त्यांना पळवलं तर साठवलेली चरबी वाया जाते. म्हणून सेल्फीसाठी हात लांबवू नका. चोचही धारदार असते. निघताना गाडीखाली वाकून बघा. सावलीला पेंग्विन येऊन बसतात, तशा पाट्याही लावलेल्या आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवला गेला. जगभरात प्रजननक्षम जोड्या १० हजारांच्या खाली आल्या आहेत. त्यांच्या विष्ठेचे थर खतासाठी खरवडून नेले, त्यामुळे बिळं करायला जागा उरली नाही. मग सार्डिन आणि अँचोव्ही हे त्यांचं अन्न माणसानं जाळ्यात ओढलं. २००० साली ‘ट्रेझर’ जहाज बुडून तेल पसरलं तेव्हा मात्र स्वयंसेवकांनी सुमारे १९ हजार तेलकट पेंग्विन एकेक करून धुतले. तिकिटाचे पैसे राष्ट्रीय उद्यानाकडे जातात. परदेशी पाहुण्यांचं तिकीट जास्त असतं, त्याबद्दल कुरकुर नको.

दुपारी दोन: केप पॉइंट

सायमन्स टाउनपासून अर्ध्या तासात केप पॉइंटच्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक येतं. तिकीट वेगळं. उन्हाळ्यात सहापर्यंत आणि हिवाळ्यात पाचपर्यंतच आत सोडतात, तरी वेळा आदल्या दिवशी पाहून घ्या.

आता थेपल्यांचं. इथे बबून माकडं आहेत आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा अर्थ नीट कळतो. बसचं दार उघडं राहिलं तर ती आत येतात, झिप उघडतात. खिडक्या बंद, दार बंद, हातात खाणं नाही. पिशवी हिसकावलीच तर सोडून द्या, ओढाताण करू नका. नराचे सुळे फार मोठे असतात. त्यांना खायला घालणं बेकायदा आहे, आणि त्याचा भोग माकडांनाच भोगावा लागतो. माणसाच्या अन्नाची चटक लागून घरांत शिरणारं बबून शेवटी मारलं जाऊ शकतं.

वाहनतळापासून जुन्या दीपगृहापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी फ्युनिक्युलरनं वर जावं, बाकीच्यांनी वीसेक मिनिटं चालावं. हे दीपगृह १८६० पासून समुद्रापासून २३८ मीटर उंचीवर उभं आहे, आणि इतक्या उंचीमुळेच धुकं आणि ढगांत लपायचं. १९११ मध्ये लुसितानिया हे पोर्तुगीज जहाज इथल्या खडकावर फुटलं, त्यानंतर ८७ मीटरवर दुसरं दीपगृह बांधलं. खाली केप ऑफ गुड होपच्या पाटीसमोर फोटोसाठी रांग असते. ते आफ्रिकेचं नैर्ऋत्य टोक आहे; अगदी दक्षिणेचं टोक अगुल्हास, दीडशे किलोमीटर दूर, आणि हिंदी व अटलांटिक महासागरांची सीमा तिथेच मानतात. बार्तोलोमेव दियाश १४८८ मध्ये हे टोक ओलांडून गेला, वास्को द गामा १४९७ मध्ये, आणि पुढच्या वर्षी तो कोळिकोडला पोचला.

पाटीच्या रांगेत अर्धा तास घालवण्यापेक्षा पायाखालची झुडपं बघा असं मी सांगेन. याला फाइनबॉस म्हणतात. रुक्ष, खुरटं वाटतं, पण एकट्या केप द्वीपकल्पावर दोन हजारांहून जास्त जातींच्या वनस्पती आहेत, आणि हा प्रदेश २००४ पासून जागतिक वारसा आहे. रुंद फुलांचं प्रोटिया, बारीक घंटांची एरिका, गवतासारखी रेस्टियो, एवढी तीन ओळखता आली तरी पुरे. यांतल्या पुष्कळ झाडांच्या बिया आगीनंतरच रुजतात, त्यामुळे काळा पडलेला डोंगर दिसला तर हळहळू नका. प्रोटियावर लांब शेपटीचा शुगरबर्ड झुलत असेल. शांत राहिलात तर बोंटेबोक हरणं आणि शहामृगही दिसतात.

परतीची वाट

येताना पश्चिमेचा किनारा धरा: स्कारबरो, नूर्डहुक आणि मग चॅपमन्स पीक ड्राइव्ह. कड्यात कोरलेला नऊ किलोमीटरचा हा रस्ता ११४ वळणांचा, १९२२ मध्ये खुला झालेला. टोल आहे. दरड किंवा वाऱ्यामुळे तो बंद असतो कधी कधी, म्हणून दुपारीच ड्रायव्हरला चौकशी करायला सांगा. वळणं लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. हाउट बेला उतरून चहा घ्या. एकूण फेरी साधारण दीडशे किलोमीटरची होते.

ड्रायव्हर आणि गाइडची टिप वेगवेगळी द्या, आणि लांगाच्या गाइडची तिथेच, सकाळीच. दहा टक्क्यांचा अंदाज धरा.

रॉबेन आयलंडचं बेट या दिवसात कोंबू नका. मंडेला तुरुंगवासाच्या २७ पैकी १८ वर्षं तिथे होते; लांगा बघितल्यावर तिथे जायची ओढ लागते, आणि त्याला अर्धा दिवस लागतो. बोटीचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा आणि मुक्कामाच्या सुरुवातीच्या दिवशी ठेवा. वारा सुटला की बोटी रद्द होतात, मग हाताशी दुसरा दिवस असतो.